समुपदेशक नेमा, पण आधी ती यादी वाचणं थांबवा

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांस,

विषय: विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि आपल्या शाळांच्या रोजच्या रीती

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आधी विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवलं, आता अनुदानित शाळेत आहे. तुमच्यापैकी काहींच्या हाताखाली मी काम केलं आहे, काहींच्या शाळेत बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून येऊन गेले आहे. पुढे जे लिहिणार आहे त्यात कुठल्याही शाळेचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की ती एक शाळा वाईट ठरते आणि बाकीच्या निश्चिंत होतात.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशभरच्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली सर्वांत गाजलेली सूचना. तेव्हापासून आपल्या सभांमध्ये समुपदेशकावर बरंच बोललं जातं. पद कोण भरणार, मानधन कुठल्या खात्यातून, एकच समुपदेशक दोन-तीन शाळांत वाटून घेता येईल का, नाहीतर कला शिक्षकांनाच चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन बसवावं का. बोलायलाच हवं. पण त्याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट लिहिली आहे. विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शक्यतो वेगळ्या तुकड्या पाडू नका, त्यांचा जाहीर अपमान करू नका, कुवतीबाहेरची लक्ष्यं त्यांच्यावर लादू नका. शिकवणीवर्गांचा त्यात खास उल्लेख आहे, म्हणून आपण ते वाचून पुढे गेलो असू. सूचना मात्र सगळ्याच संस्थांसाठी आहे. ती मोठ्याने वाचली गेली अशी एकही शिक्षकसभा माझ्या ऐकिवात नाही.

माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. मुलं ज्या गोष्टीने खचतात, त्यातला मोठा भाग शाळा स्वतःच्या हाताने रोज करत असते. तेही कुणी दुष्ट आहे म्हणून नाही. कामाची तशी रीत पडली आहे म्हणून. ती रीत तशीच ठेवून मुलाला समुपदेशकाकडे पाठवायचं म्हणजे त्याला सोसायची सवय लावायची.

एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेने २०२२ मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. सहावी ते बारावीचे ३ लाख ७९ हजारांहून जास्त विद्यार्थी त्यात होते. चिंतेचं कारण म्हणून मुलांनी सर्वाधिक काय सांगितलं असेल? अभ्यास, परीक्षा आणि निकाल. मोबाइल आणि घरातली भांडणं यांच्यावर आपण सगळं ढकलतो, पण मुलांनी बोट दाखवलं ते आपल्या दिशेने.

आता प्रत्यक्ष वर्गात या.

शाळा सुरू झाली की शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. कार्यालयातून नोटीस निघते, शिपाई ती घेऊन वर्गावर येतो आणि चालू तास थांबवून शिक्षक वाचतात: ‘एससी, एसटी, व्हीजेएनटीची मुलं उभी राहा.’ हे मी एका शाळेत नाही, जिथे जिथे शिकवलं तिथे पाहिलं आहे. काही मुलं पटकन उभी राहतात. काही इकडेतिकडे बघत, कोण कोण उभं राहतंय याचा अंदाज घेत, अर्धवट उठतात. काही उठतच नाहीत. न उठणारी मुलं मला जास्त ठाऊक आहेत, कारण मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन ‘बाई, माझाही फॉर्म’ असं तीच हळूच सांगतात. काहीजण तेवढंही सांगत नाहीत, आणि मुदत संपल्यावर आपण अहवालात लिहितो की पालकांमध्ये जागरूकता नाही.

गंमत अशी की ही सगळी माहिती कार्यालयात आधीपासून आहे. जनरल रजिस्टरला प्रत्येक मुलाची जात लिहिलेली असते. लिपिकाने ते उघडून यादी करायची, बंद पाकिटातून पालकांना कळवायचं किंवा मुलांना एकेकटं बोलवून अर्ज द्यायचा, एवढंच काम आहे. वर्गात उभं केल्याने कार्यालयाचा अर्धा तास वाचतो. यातल्या एका योजनेला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. त्या नावाचा अर्ज मिळवण्यासाठी पाचवीतल्या मुलीला साठ मुलांसमोर जात सांगावी लागते, याची आपल्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटते त्या मुलीला.

‘त्यात काय एवढं, मुलं विसरून जातात’ असं एका ज्येष्ठ सरांनी मला ऐकवलं होतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी वाट शोधायची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या कोड्यांनुसार पैसे दिले. जात जाहीर नव्हती तेव्हा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतली मुलं वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. मग मिश्र गटासमोर प्रत्येकाचं नाव-गाव घेताना जातही पुकारली, आणि त्याच कोड्यांमध्ये खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच होती, बक्षीसही तेच होतं. मधे फक्त एक पुकारा झाला होता. आपल्या वर्गात तो पुकारा गणिताच्या तासाला होतो आणि पुढची पंचवीस मिनिटं आपण त्याच मुलांना समीकरणं सोडवायला सांगतो.

यावर काही शिक्षक दुसऱ्या टोकाला जातात. आमच्या वर्गात जात हा विषयच नसतो, सगळी मुलं सारखी, असं ते अभिमानाने सांगतात. हेही मला पटत नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तिचं वय तेव्हा चौदा वर्षांच्या आसपास होतं. म्हणजे आज आपल्या आठवी-नववीत असेल एवढी. तिने आपल्या जातीबद्दल जाहीरपणे लिहिलं, आणि ते लिहिण्याची ताकद तिला शाळेने दिली. जातीचा उच्चार तिथेही झालाच. पण तो तिने केला, तिला हवा तेव्हा, तिच्या शब्दांत. आपल्याकडे तो शिपायाच्या हातातल्या नोटिशीने होतो. मूल बोलेल तेव्हा ऐकायचं आणि ते गप्प असेल तेव्हा त्याच्या वतीने पुकारायचं नाही, इतकं जमलं तरी पुष्कळ झालं.

तुकड्यांचं काय सांगू? पाचवीत प्रवेश देताना किंवा आठवीत गेल्यावर गुणांच्या उतरंडीने अ, ब, क, ड पाडण्याची पद्धत अजून किती शाळांत आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अ तुकडीला गणित-विज्ञानाचे अनुभवी शिक्षक मिळतात, त्यांच्या वर्गात प्रोजेक्टर असतो, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास असतात. ड तुकडीला तासिकेवरचा शिक्षक मिळतो, जो सहामाहीनंतर दुसरीकडे नोकरी लागली की निघून जातो. मग उरलेलं वर्ष तो तास ‘ऑफ’. वर्षाच्या शेवटी ड तुकडीचे गुण कमी येतात आणि मुळात ती मुलं तशीच होती याचा पुरावा म्हणून तेच गुण आपण दाखवतो.

एक काम करून बघा. दोन्ही तुकड्यांचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवा आणि नुसती आडनावं वाचा. मग पालकांच्या व्यवसायाची नोंद वाचा. यापुढे मला काही लिहायची गरज पडू नये.

‘एका पातळीची मुलं एकत्र असली की शिकवायला सोपं जातं’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. सोपं जातं हे खरं आहे, मला स्वतःला अ तुकडीवरचा तास हलका वाटतो. पण शाळा आपल्या सोयीसाठी काढलेली नाही. शिवाय ड मधल्या मुलाला आपण ड मध्ये का आहोत हे कळत नाही असा आपला समज आहे. त्याला पहिल्या आठवड्यात कळतं. दुसऱ्या तुकडीतली मुलं ते सांगतात, बसमध्ये सांगतात, खेळाच्या तासाला संघ पाडताना सांगतात. त्यानंतर तो वर्गात दंगा करतो तेव्हा त्याची वागणूक बिघडली म्हणून त्याला समुपदेशकाकडे पाठवण्यात येतं.

आता पंचवीस टक्क्यांची गोष्ट, जी मुख्यतः तुमच्यातल्या स्वयंअर्थसहाय्यित आणि विनाअनुदानित शाळा चालवणाऱ्यांसाठी आहे. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या दोन-चार महिन्यांत काही शाळांच्या आवारात जो आनंद दिसला, तो त्या आवारात आधीपासून शिकणाऱ्या मुलांनाही दिसला. त्यांच्यासारखं आणखी कुणी नको, असा त्याचा अर्थ होता, आणि एवढा अर्थ लावण्याइतकी दुसरी-तिसरीतली मुलं मोठी असतात.

सरकारकडून शुल्काची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. थकबाकी वर्षानुवर्षं राहते, आणि त्यासाठी तुम्ही मोर्चा काढलात तर मीही येईन. पण ती थकबाकी मुलाच्या अंगावर का? केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ, उपक्रम यांत भेदभाव करायचा नाही. वेगळ्या वर्गात आता कुणी बसवत नसेल. पण पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळा असतो. सहलीची चिठ्ठी यांच्या दप्तरात जात नाही, कारण ‘त्यांना परवडणार नाही, उगाच वाईट वाटायला नको’. स्नेहसंमेलनात यांना पाठीमागच्या रांगेत झाड किंवा सैनिक करतात, कारण मुख्य भूमिकेचा पोशाख भाड्याने आणावा लागतो. आणि शिक्षकखोलीत या मुलांना नावंच नसतात, ‘आरटीईची मुलं’ असतात. पाचवीपर्यंत आलेल्या मुलाला अजून त्याच्या प्रवेशाच्या कलमाने ओळखायचं, हे मला कमालीचं असभ्य वाटतं.

फी थकलेल्यांची यादी वर्गात वाचणं, परीक्षेच्या दिवशी हॉलतिकीट अडवून मुलाला बाहेर उभं करणं, प्रार्थनेनंतर थांबवून घेणं याबद्दल फार लिहीत नाही. याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. कायदा आठवीपर्यंतच्या मुलांचा म्हणून नववीतल्या मुलाचा अपमान चालतो, असं तुमच्यापैकी कुणी म्हणणार नाही अशी आशा आहे. फीबद्दल बोलायचं ते पालकांशी. मूल हा वसुलीचा माणूस नाही.

बोलीचंही थोडं. मराठीची शिक्षिका म्हणून हे माझ्या खात्यावरचं आहे. पाचवीत आलेलं मूल घरची भाषा बोलतं आणि वर्ग हसतो. वर्ग हसतो कारण कधीतरी शिक्षक हसलेले असतात. त्यानंतर ते मूल उत्तर माहीत असूनही हात वर करत नाही, आणि आपण शेऱ्यात लिहितो, ‘अबोल. सहभाग वाढवावा.’ लेखी परीक्षेत प्रमाण मराठी लागते हे मी मुलांना शिकवते, शिकवायलाच हवं. पण तोंडी उत्तराला बोलीत बोललेलं चालतं असं एकदा सांगितलं की वर्गातले नवेच आवाज ऐकू यायला लागतात. यासाठी शासन निर्णय लागत नाही.

शासन निर्णयांची तशी कमतरताही नाही. मार्च २०२२ च्या निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या झाल्या, त्याआधीपासून तक्रारपेट्या आहेत. बहुतेक तक्रारपेट्या मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारालगत टांगलेल्या मी पाहिल्या आहेत, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. त्यात चिठ्ठी टाकायला कुठलं मूल जाईल?

शिक्षकांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील, कारण मुलांना मिळणारी ही वागणूक आम्ही कुठून शिकतो तेही बघायला हवं. सकाळी सात वाजता ग्रुपवर पीडीएफ येते: ‘खालील शिक्षकांची ऑनलाइन माहिती अपूर्ण आहे, आज अकरापर्यंत न भरल्यास आपण जबाबदार राहाल.’ नावं लाल रंगात. ग्रुपवर तालुक्यातले सगळे. त्यातले निम्मे लोक मतदार यादीच्या कामावर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून घरोघर फिरत असतात. कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामं सोडून शिक्षकांना बाकी अशैक्षणिक कामांतून मोकळं ठेवलं आहे, पण तो मोकळेपणा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तासिकेवरच्या शिक्षकाला सुट्टीचे पैसे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि हजेरीच्या मस्टरवर त्याचं नाव वेगळ्या पानावर. शिक्षणसेवक, म्हणजे नव्याने नेमलेला शिक्षक, तीन वर्षं मानधनावर. २०२३ मध्ये ते प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झालं, त्याआधी किती होतं हे लिहायलाही संकोच वाटतो.

लाल यादीत स्वतःचं नाव बघून वर्गात आलेला शिक्षक वही अपूर्ण असलेल्या मुलांना बाकावर उभं करतो. मी त्याचं समर्थन करत नाही. पण वरून खाली हीच एक पद्धत वाहत येते: चूक दिसली की चारचौघांत नाव घ्यायचं. अधिकारी मुख्याध्यापकांचं घेतात, मुख्याध्यापक शिक्षकांचं, शिक्षक मुलांचं. मुलांच्या खाली कुणी नसतं, म्हणून ती एकमेकांचं घेतात, आणि त्याला आपण रॅगिंग किंवा दादागिरी म्हणतो. ही साखळी तोडायची असेल तर ती तुमच्या खुर्चीपाशी तोडणं सर्वांत सोपं आहे. शिक्षकाला जे सांगायचं ते त्याला एकट्याला बोलवून सांगा. वरिष्ठांच्या ग्रुपवरची यादी शाळेच्या ग्रुपवर तशीच पुढे ढकलू नका. त्यासाठी निधीचा प्रस्ताव पाठवावा लागत नाही.

यातलं बरंचसं बिनखर्ची आहे, आणि म्हणूनच कदाचित ते होत नाही. समुपदेशन कक्षाचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते, फोटो येतो. यादी न वाचण्याचा फोटो येत नाही. तुकड्या मिसळणं मात्र बिनखर्ची नाही, हे मी मान्य करते. अ तुकडीचे पालक भांडायला येतील, काहीजण दाखला मागतील, आणि शेजारची शाळा तेच दाखवून तुमचे विद्यार्थी ओढेल. पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पदं जातात, शिक्षक अतिरिक्त ठरतात, ही भीतीही खोटी नाही. म्हणूनच हे पत्र एका मुख्याध्यापकांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिलं. परिसरातल्या चार शाळांनी एकाच वर्षी ठरवलं तर पालक कुठे नेतील मुलांना?

माझी मागणी एवढीच की शाळा भरण्याआधीच्या पहिल्या शिक्षकसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. वर्गात मोठ्याने काय काय वाचलं जातं, कुणाला कशासाठी उभं केलं जातं, याची नोंद त्या सभेत करा. लिपिक आणि शिपाई यांना सभेला बोलवा, कारण नोटीस त्यांच्या हातून जाते आणि कुठल्या वर्गात काय होतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. तासिकेवरच्या शिक्षकांनाही बोलवा आणि त्या तासाचे पैसे त्यांना द्या. मुलांना विचारायचं ठरलं तर ड तुकडीपासून सुरुवात करा आणि चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नका. शिष्यवृत्तीच्या याद्या लिपिकांनी जनरल रजिस्टरवरून करायच्या, असा ठराव त्याच सभेत होऊ शकतो. कार्यवृत्त लिहायला कुणी तयार नसेल तर मी येईन, अक्षर बरं आहे.

आपली,
एक मराठीची शिक्षिका